नोकरी बदलायची की सोडायची? अशा वेळी मार्गदर्शक गाठायचा की कोच, नेमका फरक काय?

४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९. मोजून एक महिना. त्या महिन्यात बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या घरात जेवताना, चहा पिताना, रात्री दिवा मालवल्यावर एकच विषय होता. व्हीआरएस घ्यायची की नाही?

त्याआधी २३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने या दोन्ही सरकारी टेलिकॉम कंपन्यांसाठी सुमारे ६९ हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. स्वेच्छानिवृत्ती हा त्याचाच एक भाग. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज करता येणार होता. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, असं साधारण सूत्र होतं. त्याला कमाल मर्यादा होत्या, पेन्शनच्या अटी वेगळ्या होत्या. पण मुदत एकच, ३ डिसेंबर.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधून सुमारे १४ हजार लोक एकाच दिवशी घरी गेले. दोन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागला. म्हणजे 'नवीन आयुष्य' सुरू करायला निघालेले हे लोक थेट चार भिंतींत येऊन बसले.

आज हे आठवायचं कारण म्हणजे इन्स्टाग्रामवर दर चौथ्या रीलमध्ये कुणीतरी लाइफ कोच, करिअर कोच, ट्रान्झिशन कोच भेटतो. 'अडकल्यासारखं वाटतंय? लिंक बायोमध्ये आहे.' दुसरीकडे 'मोफत मार्गदर्शन शिबिर' असे फ्लेक्स चौकाचौकात लागलेले असतात. दोन्हीकडे आयुष्य बदलून देण्याची भाषा असते आणि दोन्हीकडे जाणारा माणूस साधारण सारख्याच अवस्थेत असतो. फक्त तिथे मिळणारी गोष्ट पूर्णपणे वेगळी असते. चुकीच्या दारात गेलं की पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे निर्णयाची मुदत निघून जाते. बीएसएनएलवाल्यांकडे ती ३० दिवसांची होती. नोटीस पिरियडवर असलेल्या आयटीतल्या माणसाकडे ६० किंवा ९० दिवसांची असते.

एक माणूस, एक प्रश्न आणि तीन खुर्च्या

समजा, असाच एक कर्मचारी आहे. वय ५३, नोकरी २९ वर्षं, मुलगी बारावीत, घराच्या कर्जाचे चार वर्षांचे हप्ते बाकी. त्याचा प्रश्न एकच, व्हीआरएस घेऊ का?

तो ऑफिसातून आधीच रिटायर झालेल्या एका सीनिअरकडे जातो. साहेब म्हणतात, "एवढ्यात हो म्हणू नका. आधी अकाउंट्समध्ये जाऊन तुमचा नेमका आकडा लिहून आणा. तो घराच्या हप्त्यांशेजारी मांडा. पोरीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे गेलेच असं धरा. मग जे उरेल त्यावर बोलू. आणि हो, पैसे हातात आले की महिनाभर कुठल्याही एजंटला दारात उभं करू नका."

हे मार्गदर्शन. ज्याला रस्ता माहीत आहे तो सांगतो, इथे खड्डा आहे, इथे वळा. ज्ञान सांगणाऱ्याकडे आहे आणि ते तो तुम्हाला देतो.

आता हाच माणूस कोचकडे जातो. कोच त्याला पेन्शनचं गणित सांगत नाही, बहुतेक वेळा त्याला ते येतही नसतं. तो विचारतो, "समजा १ फेब्रुवारी उजाडली. सकाळचे साडेनऊ वाजलेत. तुम्ही कुठे आहात?"

"घरात तर नक्की नसेन."

"मग कुठे?"

"मेव्हण्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तो कधीचा बोलावतोय."

"जायला काय अडतंय?"

इथे तो थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, "तीस वर्षं लोकांनी साहेब म्हटलं. आता काउंटरवर उभं राहून बल्ब विकायचे?"

हे कोचिंग. खरी अडचण पैशांची नव्हती, 'साहेब' या शब्दाची होती, हे त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर आलं. कोचने काहीही शिकवलं नाही. उत्तर माणसाकडेच आहे, ते नीट प्रश्न विचारून बाहेर काढायचं, असं हा व्यवसाय गृहीत धरतो.

तिसरी खुर्ची समुपदेशकाची. गेले तीन आठवडे या माणसाला झोप नाही, घास गिळत नाही, बायकोवर विनाकारण ओरडणं होतंय आणि मध्येच 'मी नसलो तर यांना विम्याचे पैसे तरी मिळतील' असा विचार येऊन जातो. अशा वेळी रस्ता दाखवणाराही नको आणि प्रश्न विचारणाराही नको. मनाच्या दुखण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा आणि तोही लगेच.

प्रत्यक्षात या तीन खुर्च्या इतक्या वेगळ्या मांडलेल्या नसतात. चांगला मार्गदर्शक अधूनमधून कोचसारखे प्रश्न विचारतो. चांगला कोचही एखादी माहिती देऊन टाकतो. पण आपल्याला आत्ता मुख्यतः काय कमी पडतंय, माहिती की स्पष्टता की ताकद, एवढं ओळखता आलं तरी निम्मी फसवणूक टळते.

'कोचिंग' म्हटलं की आपल्याला क्लास का आठवतो?

हा घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठी घरात कोचिंग म्हणजे कोटा, लातूर, नीट, जेईई, एमपीएससी. फळ्यासमोर एक सर आणि बाकांवर शंभर मुलं. म्हणजे खरं तर शिकवणी. लाइफ कोच जे करतो त्याच्या बरोबर उलट.

मूळ शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावातून आलाय. पंधराव्या शतकात तिथे उत्तम घोडागाड्या बनायच्या. गावाच्या नावावरून गाडीला नाव पडलं आणि युरोपभर पसरलं. आपल्या रेल्वेचा कोचही त्याच घराण्यातला. पुढे १८३० च्या दशकात ऑक्सफर्डमधली मुलं परीक्षेतून 'वाहून नेणाऱ्या' खासगी शिक्षकाला गमतीने कोच म्हणायला लागली. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला.

आजच्या कोचिंगची सुरुवातही मैदानावरच झाली. टिमोथी गॉलवे हा अमेरिकेतला टेनिस प्रशिक्षक. त्याच्या लक्षात आलं की 'मनगट असं धर, खांदा असा फिरव' असं जितकं सांगावं तितका खेळाडू आखडतो. मग त्याने सूचना देणं कमी केलं. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा 'बाउन्स' म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा 'हिट' म्हण, एवढंच करायला लावलं. लक्ष चेंडूवर राहिलं आणि फटके आपोआप सुधारले. १९७४ मध्ये त्याचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक आलं. ते टेनिसपटूंपेक्षा मॅनेजर मंडळींनी जास्त उचलून धरलं.

ही कल्पना ब्रिटनमधल्या कंपन्यांमध्ये नेणाऱ्यांत पुढे होता जॉन व्हिटमोर. हा मूळचा मोटर रेसर. त्याच्या १९९२ च्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकामुळे 'ग्रो' नावाची चौकट जगभर गेली. आधी ध्येय काय ते विचारायचं, मग आज परिस्थिती काय आहे ते, मग पर्याय कोणते आणि शेवटी यातलं नक्की काय, कधी करणार. आजही बहुतेक कोचच्या प्रश्नांचा क्रम साधारण हाच असतो. त्याच काळात अमेरिकेत थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने कोच तयार करणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये कोच लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयसीएफची, सुरुवात केली.

गॉलवेच्या गोष्टीत एक बारकावा आहे, जो रीलमध्ये कधीच येत नाही. त्याच्याकडे येणाऱ्याला टेनिस खेळायचं आहे हे आधीच ठरलेलं असायचं. रॅकेट हातात होती, कोर्ट समोर होतं. ज्याला टेनिस खेळायचं की शेती करायची हेच माहीत नाही, त्याला 'बाउन्स-हिट' म्हणायला लावून काही होणार नाही.

मार्गदर्शनाचा इतिहास थोडा जुना आहे

फ्रँक पार्सन्स नावाचा एक अमेरिकन माणूस होता. शिकला इंजिनिअरिंग, रेल्वेत काम केलं, मग शिक्षक झाला, मग वकील, मग प्राध्यापक. इतक्या वेळा क्षेत्र बदललेल्या या माणसाने १९०८ मध्ये बोस्टनमध्ये व्होकेशन ब्युरो काढला. शहरात कामाच्या शोधात येणाऱ्या तरुणांना कोणतं काम जमेल हे सांगणारं ते केंद्र. त्याच वर्षी तो वारला आणि 'चूझिंग अ व्होकेशन' हे त्याचं पुस्तक त्याच्या पश्चात १९०९ मध्ये छापलं गेलं. त्याने सांगितलेल्या तीन पायऱ्या आजही करिअर मार्गदर्शनाचा पाया मानल्या जातात. स्वतःला ओळखा, कामाचं जग ओळखा आणि मग डोकं शांत ठेवून दोन्हीची सांगड घाला.

यातली दुसरी पायरी महत्त्वाची आहे. कामाचं जग ओळखणं, म्हणजे पगार किती, शिक्षण काय लागतं, संधी कुठे आहेत, कोणत्या धंद्याला उतरती कळा लागली आहे. हे आत डोकावून कळत नाही, बाहेर जाऊनच विचारावं लागतं.

भारतात हे काम सरकारने मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना पुन्हा नागरी आयुष्यात कामाला लावायचं होतं, म्हणून १९४५ मध्ये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची यंत्रणा उभी राहिली. म्हणजे बंदूक ठेवून घरी परतणारा फौजी हा या व्यवस्थेचा पहिला ग्राहक. महाराष्ट्रात आज त्याच कार्यालयांवरची पाटी 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' अशी आहे. मार्गदर्शन हा शब्द थेट नावातच. तरी करिअरच्या वळणावर उभ्या असलेल्या किती जणांना आपल्या जिल्ह्यातलं हे कार्यालय कुठे आहे ते सांगता येईल, हा प्रश्नच आहे.

दहावीच्या मुलांसाठी राज्याने २०१६ पासून कल चाचणी सुरू केली होती, ती अनेकांना आठवत असेल. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था अभिक्षमता चाचण्या घेतात. पण यात एक मोठी पोकळी आहे. आपल्याकडचं जवळपास सगळं मार्गदर्शन पंधरा ते बावीस वयाच्या मुलांसाठी आहे. चाळिशीतल्या, नोकरी गेलेल्या किंवा बाळंतपणानंतर आठ वर्षांनी पुन्हा कामावर जाऊ पाहणाऱ्या बाईसाठी फारसं काही नाही. ही रिकामी जागा कोचिंगच्या बाजाराने भरली आहे. त्यांचा ग्राहक त्यांना तयारच मिळाला.

मामांचा सल्ला का चुकतो?

खरं तर प्रत्येक मराठी घरात एक फुकटचा मार्गदर्शक असतोच. मामा, काका, शेजारचे जोशी, बँकेतले दादा. 'सरकारी बघ', 'पुण्यात फ्लॅट घेऊन टाक', 'बी.एड. कर, बाईमाणसाला बरं पडतं'. यांची माया खरी असते आणि अनुभवही खरा असतो, फक्त तो त्यांच्या काळातला असतो.

मुंबईच्या गिरणगावात बापाच्या जागी पोराला चिकटवायचं हा एकेकाळी शहाण्या माणसाचा सल्ला होता आणि कित्येक वर्षं तो बरोबरही ठरत होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. ज्या रस्त्याचा नकाशा वडीलधाऱ्यांच्या खिशात होता, तो रस्ताच उखडला गेला. मार्गदर्शनाची ही मूळ मर्यादा आहे. ते देणाऱ्याच्या अनुभवाला एक्स्पायरी डेट असते आणि ती त्याला स्वतःला दिसत नाही.

म्हणून मार्गदर्शक निवडताना त्याचं वय किंवा हुद्दा पाहण्यापेक्षा तो त्या क्षेत्रात आत्ता आहे का, हे बघणं कामाचं. डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये जायचं असेल तर तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलेली, तिशीतली एखादी माजी सहकारी वीस वर्षं जुन्या एचआर हेडपेक्षा जास्त उपयोगी पडते. अशा माणसाला लिंक्डइनवर 'मला रेफर करा' असा मेसेज टाकण्याऐवजी 'वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का, तुमचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचंय' असं विचारलं तर बरेच जण वेळ देतात. त्याला फी नसते.

बदल आणि बदलातून जाणं, या दोन गोष्टी आहेत

विल्यम ब्रिजेस या अमेरिकन लेखकाने १९८० च्या 'ट्रान्झिशन्स' या पुस्तकात हा फरक मांडला. नोकरी जाणं, घटस्फोट, बदली, निवृत्ती हा झाला बदल. तो एका तारखेला होतो. पण माणूस मनाने त्यातून जातो ते हळूहळू आणि त्याचे तीन टप्पे असतात. पहिला, जे होतं ते संपल्याचं मान्य करणं. दुसरा, जुनं गेलंय पण नवीन अजून आलेलं नाही असा अधांतरी काळ. तिसरा, नवी सुरुवात. गंमत अशी की सुरुवात सर्वांत शेवटी येते.

कोचिंगची जाहिरात मात्र नेमकी उलटी चालते. आज नोकरी गेली, उद्या 'रीइन्व्हेंट युअरसेल्फ'. धक्का बसल्यावर पहिल्या काही आठवड्यांत माणूस अजून पहिल्याच टप्प्यावर असतो, डोकं ठिकाणावर नसतं आणि हातात मात्र फुल अँड फायनलचे पैसे असतात. महागडं पॅकेज विकायला याहून सोपा ग्राहक नाही आणि ते घेण्यासाठी याहून वाईट वेळही नाही. त्या दिवसांत पीएफचं काय करायचं, ग्रॅच्युइटी किती, आरोग्य विमा कंपनीचा होता तो आता संपला का, रिलीव्हिंग लेटर कधी मिळणार, हे सांगणारा माणूस लागतो. म्हणजे साधं, रोकडं मार्गदर्शन.

कोचिंगचा खरा उपयोग दुसऱ्या टप्प्यात होतो. माहिती हातात आहे, खर्चाची सोय लागली आहे, दोन-तीन पर्यायही समोर आहेत, तरी पाय उचलत नाही. दर रविवारी ठरतं आणि दर सोमवारी मोडतं. तेव्हा दर पंधरा दिवसांनी कुणीतरी शांतपणे 'मागच्या वेळी ठरलं होतं त्याचं काय झालं?' असं विचारणं फार उपयोगी पडू शकतं. घरच्यांनी हेच विचारलं तर भांडण होतं, कोचने विचारलं तर काम होतं. त्याला तुमच्या निर्णयातून काही मिळवायचं नसतं, हे त्यामागचं कारण. अर्थात त्याला पुढचं पॅकेज विकायचं नसेल तर.

काही अडचणींना मात्र कोचिंग लागूच पडत नाही. पगार भाड्याला पुरत नाही, गावात काम नाही, सासूबाई आजारी आहेत आणि त्यांच्याजवळ बसायला दुसरं कुणी नाही. याला 'लिमिटिंग बिलीफ' म्हणणं म्हणजे माणसाच्या खिशातला प्रश्न त्याच्या डोक्यात ढकलणं आहे. बीएसएनएलच्या त्या महिन्यात कुणी ५३ वर्षांच्या माणसाला 'माइंडसेट बदला' सांगितलं असतं तर त्याचा घराचा हप्ता काही कमी झाला नसता.

कोच म्हणवून घ्यायला लायसन्स लागतं का?

नाही. भारतात आज कुणीही उद्या सकाळी स्वतःला लाइफ कोच म्हणवून घेऊ शकतं. त्यासाठी वेगळा कायदा नाही, नोंदणीची सक्ती नाही.

आयसीएफसारख्या संघटना ऐच्छिक प्रमाणपत्रं देतात. त्यात तीन पातळ्या आहेत. पहिल्या एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीसाठी १२५ आणि ५००, तर एमसीसीसाठी २०० आणि २५०० तास. त्यामुळे 'इंटरनॅशनली सर्टिफाइड' असं बायोमध्ये दिसलं तर कोणत्या संस्थेकडून आणि किती तासांनंतर, हे विचारायला लाजू नये. वीकेंडच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही सर्टिफिकेटच मिळतं.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत मात्र कायदा आहे. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागता येतो आणि खरा माणूस तो लगेच देतो. नैराश्य, ट्रॉमा, पॅनिक अटॅक 'बरा करून देतो' असं एखादा कोच सांगत असेल, तर तो आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या खुर्चीत बसलाय.

मग कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींवर २०२४ मध्ये आलेल्या नियमांचं काय? ते नियम खरे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. शंभर टक्के निवड, नोकरीची हमी असे दावे करायला त्यात बंदी आहे. पण त्यांचा रोख ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शिकवणी वर्गांवर आहे आणि त्यातल्या व्याख्येत समुपदेशन वगळलं आहे. झूमवर एकेकट्याचं सेशन घेणारा लाइफ कोच त्या जाळ्यात सहज सापडत नाही. त्यासाठी उरतो तो २०१९ चा सर्वसाधारण ग्राहक संरक्षण कायदा.

पैसे भरण्याआधी

आधी मोफत आहे ते वापरून संपवा. नोकरीच्या माहितीसाठी केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. राज्याचं महास्वयम आहे. जिल्ह्याच्या मार्गदर्शन केंद्रात प्रत्यक्ष जाऊन रोजगार मेळावे आणि कर्ज योजनांची चौकशी करता येते. पीएफची शिल्लक ईपीएफओच्या पासबुकात दिसते, त्यासाठी सल्लागार लागत नाही. रक्कम मोठी असेल आणि गुंतवायची असेल तर 'मनी कोच'कडे न जाता सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार बघावा.

झोप, भूक, घबराट, जगणं नकोसं वाटणं, यातलं काहीही असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही मनाच्या आरोग्यासाठी अनेक वर्षं काम करते आहे.

एवढं करूनही कोच हवाच असं वाटलं तर पहिल्या कॉलवर थोडं लक्ष द्या. बहुतेक जण पहिला कॉल मोफत देतात. त्या कॉलमध्ये कोण जास्त बोललं? कोचच अर्धा तास स्वतःच्या यशाची गोष्ट सांगत असेल तर ते कोचिंग नाही, विक्री आहे. तुमच्या क्षेत्रातली माहिती तो छातीठोकपणे देत असेल तर तो मार्गदर्शक आहे. मग त्याने त्या क्षेत्रात काम कधी केलं, ते विचारा. 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, तुम्ही आधी सायकॉलॉजिस्टला भेटा' असं तो कोणत्या वेळी सांगतो, हेही विचारा. या प्रश्नावर गडबडणारा कोच नको. सेशन किती, प्रत्येकी किती मिनिटांचं, मध्ये सोडलं तर किती पैसे परत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर नाही तर ईमेलवर लेखी घ्या. एकदम सहा महिन्यांचे पैसे भरण्याऐवजी दोन सेशनचे भरा. 'आज रात्री बारापर्यंतच ही किंमत' असं सांगितलं तर बारा वाजू द्या.

ठरलेली सेशन्स मिळाली नाहीत किंवा जाहिरातीत दिलेलं वचन पाळलं गेलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तो ईमेल, एवढं जपून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.